बी.कॉम.नंतर सरकारी ऑडिट : परभणीच्या एका वडिलांना उत्तर

प्रश्न : माझी मुलगी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. आम्ही म्हणतो, सी.ए. कर नाहीतर बँकेच्या परीक्षा दे. तिला मात्र सरकारी योजनांवर झालेल्या खर्चाचा उपयोग झाला का, हे तपासणाऱ्या खात्यात जायचंय. गावात जलयुक्त शिवारची कामं झाली तेव्हापासून हे तिच्या डोक्यात आहे. नातेवाईक म्हणतात, ऑडिटवाले दुसऱ्यांच्या चुका काढतात, सगळ्यांच्या डोळ्यांवर येतात, शिवाय कायम फिरती. मुलीसाठी हे बरं आहे का?
– एक पालक, जि. परभणी

उत्तर :

स.न.वि.वि.

पत्रातलं सर्वांत महत्त्वाचं वाक्य तुम्ही ओघात लिहून गेलात. लेकीला हा प्रश्न पडला तो गावातलं काम बघून. या नोकरीची चौकशी करणारी बरीच मुलं आधी पगार विचारतात आणि त्यात गैर काहीच नाही. पण तुमची लेक मूळ प्रश्नच घेऊन आली आहे, म्हणून उत्तर जरा सविस्तर देतो.

भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक, म्हणजे 'कॅग', यांचं लेखापरीक्षण मुख्यतः तीन तऱ्हेचं असतं. हिशेब बरोबर आहेत का, नियम पाळले का, आणि पैशाचं चीज झालं का. मुलीला खुणावतंय ते तिसरं, कामगिरी लेखापरीक्षण. तुमच्या ओढ्यावरचा सिमेंट नालाबांध घ्या. तो वाजवी खर्चात झाला का, ही काटकसर. तेवढ्याच पैशात आणि वेळेत जास्त काम होऊ शकलं असतं का, ही कार्यक्षमता. आणि मार्चमध्ये खालच्या विहिरीला पाणी आहे का, ही परिणामकारकता. मोजमाप पुस्तिका, बिलं, सह्या सगळं चोख असूनही तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असं येऊ शकतं. हे सापडतं ते शिवारात जाऊन, माणसांशी बोलून.

जलयुक्त शिवारचं तसं लेखापरीक्षण झालेलंच आहे. 2019 पर्यंत महाराष्ट्र टंचाईमुक्त करायचा, असा त्या योजनेचा संकल्प होता. कॅगचा अहवाल सप्टेंबर 2020 मध्ये विधिमंडळात मांडला गेला. 9,633 कोटी रुपये खर्चूनही गावं पाण्याबाबत स्वयंपूर्ण होण्यावर आणि भूजल पातळी वाढण्यावर फारसा परिणाम झाला नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. अशा तपासणीत गावाचा आराखडा आणि पाण्याचा ताळेबंद उघडावा लागतो. पिण्याला किती पाणी हवं, पिकांना किती, आणि कामांमुळे साठवण किती झाली, हे ताडून पाहायचं. यातली खरी कसोटी पुढे असते. 2018 मध्ये सरकारने 151 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला होता. मग पातळी घटली ती पाऊस कमी म्हणून, की उपसा वाढला म्हणून, की काम कुचकामी म्हणून? हे वेगळं काढण्याची चिकाटी ज्याच्याकडे नाही, त्याने या वाटेला जाऊ नये.

आता 'चुका काढतात' याबद्दल. ऑडिटच्या दुनियेत 'हाफ मार्जिन' नावाचा कागद असतो. अर्ध्या भागात लेखापरीक्षकाची शंका, उरलेला अर्धा भाग खात्याच्या उत्तरासाठी कोरा. उत्तर पटलं तर शंका तिथेच मिटते. न पटलेल्या मुद्द्याचा 'पॅरा', म्हणजे लेखी आक्षेप होतो, तरी खात्याचं म्हणणं विचारल्याशिवाय तो छापील अहवालापर्यंत जात नाही. समोरच्याचं ऐकून घेणं हा या कामाचा भागच आहे. म्हणून मुलीचा स्वभाव आधी बघा. कुणाला तरी पकडायची खुमखुमी असेल तर ती इथे फार काळ रमणार नाही, कारण कॅग कुणाला शिक्षा करू शकत नाही. राज्याचा अहवाल राज्यपालांमार्फत विधिमंडळात जातो, तिथून आमदारांच्या लोकलेखा समितीकडे. पुष्कळदा वर्षं उलटतात, आणि ते सोसावं लागतं. तरीही 30 मे 1949 रोजी घटना समितीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा अधिकारी बहुधा घटनेतला सर्वांत महत्त्वाचा अधिकारी आहे असं म्हटलं होतं. मला ते अक्षरशः खरं वाटतं.

वाटा सांगतो. केंद्राच्या कर्मचारी निवड आयोगाच्या सी.जी.एल. या पदवीधरांसाठीच्या परीक्षेतून सहायक लेखापरीक्षा अधिकारी हे राजपत्रित पद मिळतं, पदवी कुठलीही चालते. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे मूळ वेतन 47,600 रुपयांपासून. त्याच परीक्षेतून ऑडिटरचं पद आहे, 29,200 पासून. रुजू झाल्यावर खात्याची परीक्षा द्यावी लागते आणि ती सोपी नसते. यूपीएससीतून भारतीय लेखापरीक्षा व लेखा सेवा, तिचं प्रशिक्षण शिमल्याला. राज्यात एमपीएससीतून महाराष्ट्र वित्त व लेखा सेवा आहे. जिल्हा परिषदा, पंचायत समित्या, नगरपालिका यांचे हिशेब स्थानिक निधी लेखापरीक्षा विभाग तपासतो, गावाच्या जवळ राहून काम करायचं तर तो चांगला. एक सावधगिरी : मुंबई-नागपूरला महालेखाकारांची 'लेखापरीक्षा' आणि 'लेखा व हकदारी' अशी वेगवेगळी कार्यालयं आहेत. दुसऱ्यात हिशेब जुळवणं आणि पेन्शन ही कामं चालतात. पसंतीक्रम भरताना मुलं इथे गफलत करतात.

सी.ए. केली तरी या क्षेत्राचं दार बंद होत नाही, सरकारी कंपन्यांचे लेखापरीक्षक म्हणून सी.ए.ना कॅगच नेमतं. पण केवळ 'हाताशी असू दे' म्हणून चार-पाच वर्षं त्यात घालवायला लावू नका.

फिरतीचं तुम्ही लपवलं नाहीत, मीही लपवत नाही. ती आहे, आणि पहिली नेमणूक महाराष्ट्राबाहेरही होऊ शकते. मात्र पथक असतं, भत्ता असतो, आणि आज या कामात मुली कमी नाहीत. एकट्याने परगावी राहायची तिची तयारी आहे का, हे नातेवाइकांना विचारण्यापेक्षा तिलाच विचारा.

या सुट्टीत तिला एक काम द्या. गावातला एकच नालाबांध घेऊ दे. ग्रामपंचायतीतून आराखडा, मंजुरी, झालेला खर्च मिळवू दे, नाही दिलं तर माहिती अधिकाराचा अर्ज लिहू दे. मग बांधाच्या वरच्या आणि खालच्या अंगाच्या शेतकऱ्यांना विहिरींबद्दल विचारू दे. सापडलेलं आठ-दहा पानांत लिहून आधी ग्रामसेवकांना दाखवू दे आणि त्यांचं उत्तरही त्यातच नोंदवू दे. सोबत कॅगच्या संकेतस्थळावरचा एखादा अहवाल वाचू दे, ते फुकट मिळतात. याचा तिला कंटाळा आला तर बँकेच्या परीक्षेचा विषय पुन्हा काढा, तोवर नको.