सुरुंगात पाय गमावलेल्या माणसाची जबाबदारी कोणत्या खात्याची?

तुम्ही विचारलं आहे की, युद्ध संपल्यावर ज्या देशांत भूसुरुंग जमिनीत राहून जातात तिथे सुरुंगग्रस्तांसाठी वेगळी योजना हवी की सगळ्या दिव्यांगांसाठी एकच, आणि देशपातळीवर या मदतीचा मेळ नेमका कुणी घालायचा. अशा एका देशात मी काही वर्षं काम केलं आहे. आधी कृत्रिम पाय बनवणाऱ्या केंद्रात, नंतर समन्वय समितीच्या कचेरीत. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझं मत आधीच सांगून टाकते. दवाखाना, कृत्रिम अवयव, शिक्षण, रोजगार या सेवा सगळ्यांसाठी एकच असाव्यात. त्यांची जबाबदारी दिव्यांगांचं काम पाहणाऱ्या खात्याकडे असावी आणि त्या कामाचा पैसाही त्याच खात्याच्या नावावर असावा. सुरुंग काढणाऱ्या यंत्रणेने मात्र "आमचं काम जमिनीचं" म्हणून अंग काढून घेऊ नये, कारण अपघात झाला हे बहुतेक वेळा सगळ्यात आधी तिलाच कळतं.

आमच्या केंद्रात एक शेतकरी यायचा. डावा पाय गुडघ्याखाली गेलेला. पहिला कृत्रिम पाय बसवला, महिनाभर चालण्याचा सराव झाला, माणूस आनंदाने घरी गेला. दीड वर्षाने आला तो कुबड्यांवर, पाय पोत्यात गुंडाळून आणलेला. पाय कापल्यानंतरच्या पहिल्या वर्षभरात उरलेला भाग, ज्याला आम्ही स्टंप म्हणतो, तो बराच आक्रसतो. मग सॉकेट, म्हणजे कृत्रिम पायाचा स्टंप बसतो तो वरचा पोकळ भाग, सैल होतं, घासतं, जखम होते. नवं सॉकेट करणं हे आमचं रोजचं काम. तो वेळेवर का आला नाही? तर बसभाडं नव्हतं. सेवा मोफत होती, पण यायला एक दिवस, राहायला दोन दिवस, परत जायला एक दिवस, सोबत भाऊ, आणि भावाची चार दिवसांची मजुरी बुडणार. प्रवास म्हणजे उपचार नव्हे, म्हणून आरोग्य खात्याच्या यादीत तो खर्च नव्हता. समाजकल्याण खातं द्यायला तयार होतं, पण त्याच्याकडे दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र नव्हतं, आणि ते मिळवायलाही शहरातच यावं लागे. सुरुंगनिवारण यंत्रणेकडे अपघाताची तारीख, ठिकाण, सुरुंगाचा प्रकार असं सगळं टिपलेलं होतं. तो माणूस पुढे कुठे गेला हे तिच्या फॉर्मवर विचारलेलंच नव्हतं. तिन्ही कार्यालयांनी आपापलं काम नियमाप्रमाणे केलं होतं आणि तरी तो फटीत पडला. राष्ट्रीय समन्वय हवा असतो तो या फटीसाठी.

आता कायद्याचं. भूसुरुंगबंदीचा करार १९९७ मध्ये झाला आणि १ मार्च १९९९ पासून अमलात आला. त्यात साठे नष्ट करायला ४ वर्षांची मुदत आहे, जमीन मोकळी करायला १० वर्षांची, आणि तिला मुदतवाढ मागता येते. सुरुंगग्रस्तांच्या मदतीची तरतूद सहाव्या कलमात एका परिच्छेदात आहे, ज्या देशाला शक्य असेल त्याने मदत करावी असं. तिला मुदत नाही. हे मुद्दाम सांगते, कारण सरकारी कामात ज्याला तारीख नाही त्याला कुणी विचारत नाही. ही उणीव पुढे कृती-आराखड्यांनी भरून काढायचा प्रयत्न झाला: २००४ च्या नैरोबी परिषदेपासून दर पाच वर्षांनी नवा आराखडा येतो. सध्याचा २०२५ ते २०२९ चा, कंबोडियातल्या सिएम रीपच्या परिषदेत ठरलेला.

क्लस्टर बॉम्ब म्हणजे हवेत फुटून अनेक छोटे बॉम्ब विखुरणारा बॉम्ब. त्यावरच्या करारात, म्हणजे २००८ मध्ये, शब्द घट्ट झाले. त्याचं पाचवं कलम कुणालाही वाचायला देण्यासारखं आहे. सरकारने गरजांची पाहणी करायची, राष्ट्रीय आराखडा आणि अंदाजपत्रक करायचं, त्याला कालमर्यादा घालायची, सरकारात एक नोडल यंत्रणा, म्हणजे सगळ्या खात्यांचा मेळ घालणारं एक जबाबदार कार्यालय, नेमायची आणि पीडितांशी जवळून सल्लामसलत करायची. आणि त्यातलंच एक वाक्य तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे: क्लस्टर बॉम्बने जखमी झालेल्यांत आणि दुसऱ्या कारणाने जखमी किंवा दिव्यांग झालेल्यांत भेदभाव करायचा नाही, वागणुकीत फरक करायचाच तर तो फक्त वैद्यकीय, पुनर्वसनाच्या, मानसिक किंवा सामाजिक-आर्थिक गरजेवरून. दिव्यांगांच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करार २००६ चा. त्याच्या तेहतिसाव्या कलमात नोडल यंत्रणा आणि तिच्यावर नजर ठेवणारी स्वतंत्र व्यवस्था या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या आहेत. ज्याने काम करायचं त्यानेच स्वतःला गुण द्यायचे नाहीत.

सेवा एकच का असावी, याचं उत्तर वर्कशॉपमध्ये उभं राहिलं की मिळतं. पाय सुरुंगाने गेला, ट्रकखाली गेला की मधुमेहाने गेला, सॉकेटचा साचा घेण्याची पद्धत तीच. काबूलमध्ये रेड क्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीचं ऑर्थोपेडिक केंद्र १९८८ मध्ये युद्धात जखमी झालेल्यांसाठी सुरू झालं. पुढे त्याचे दरवाजे पोलिओ, सेरेब्रल पाल्सी, मणक्याची इजा, अपघात अशा सगळ्यांसाठी उघडले. अल्बेर्तो कायरो या इटालियन फिजिओथेरपिस्टने तिथे अनेक दशकं काढली. त्या कार्यक्रमातले बहुतेक कर्मचारी स्वतः दिव्यांग आहेत, त्यातले पुष्कळजण आधी तिथलेच रुग्ण. वेगळी रांग लावली असती तर पोलिओ झालेल्या मुलीला सुरुंगग्रस्ताच्या शेजारच्या खोलीतून परत पाठवावं लागलं असतं. हे माझ्याच्याने झालं नसतं, कुणाच्याच्याने होऊ नये.

दुसरं कारण पैशाचं. सुरुंगाच्या नावाने परदेशी देणगी येते, पण ती सुरुंग असेपर्यंत. मोझांबिकने १७ सप्टेंबर २०१५ ला देश सुरुंगमुक्त झाल्याचं जाहीर केलं. ती फार मोठी गोष्ट होती, पण पाय गेलेल्या माणसांचं आयुष्य त्या तारखेला संपलं नाही. हिशेब करून बघा. दहा वर्षांच्या मुलाचा पाय गेला तर वाढीच्या वयात साधारण दर सहा महिन्यांनी ते वर्षाने नवा लागतो, मोठेपणी तीन ते पाच वर्षांनी. साठीपर्यंत जगला तर वीसएक पाय तरी लागतील. इतकी वर्षं कोणताही देणगीदार थांबत नाही. अंदाजपत्रकात स्वतंत्र लेखाशीर्ष हवं ते यासाठी.

कंबोडियात हे आकड्यांतच दिसतं. तिथे १९७९ पासून सुरुंग आणि न फुटलेल्या दारूगोळ्याने मेलेले आणि जखमी झालेले मिळून ६४,००० हून अधिक लोक नोंदले गेले आहेत. १९९६ मध्ये एका वर्षात चार हजारांवर होते, २०१८ पासून दर वर्षी शंभराच्या आत. नव्या अपघातांचा आलेख खाली येतो तेव्हा बातम्या थांबतात. पण जुने सुरुंगग्रस्त म्हातारे होतात, खांदे कुबड्यांनी झिजतात, दुसरा गुडघा जातो. तिथली पीडितांची जबाबदारी सुरुंगनिवारण प्राधिकरणाने समाजकल्याण मंत्रालयाकडे सोपवली, ही दिशा मला बरोबर वाटते.

मग सुरुंगग्रस्त हा शब्दच सोडून द्यायचा का? नाही. इथे मी एकत्रीकरणाच्या कट्टर समर्थकांपासून वेगळी होते. सुरुंग सहसा शहरात नसतात. ते सीमेवर, पाणवठ्यावर, चराईच्या रानात, जिथे रुग्णवाहिका पोहोचत नाही तिथे असतात. 'लँडमाइन मॉनिटर' या सुरुंगबंदी मोहिमेच्या वार्षिक अहवालाच्या नोंदीप्रमाणे २०२३ मध्ये जगभरात ५,७५७ जण मेले किंवा जखमी झाले. त्यातले ८४ टक्के नागरिक, आणि ज्या नागरिकांचं वय माहीत आहे त्यांच्यात ३७ टक्के मुलं. अशा मुलाचा जीव वाचतो तो गावात रक्तस्राव थांबवता येणारं कुणी असलं तर. ही तरतूद राष्ट्रीय दिव्यांग धोरणात आपोआप येत नाही, ती सुरुंगाचा नकाशा हातात घेऊनच करावी लागते.

आणि ज्याचा जीव वाचत नाही, त्याच्या घराचं काय? ज्या बाईचा नवरा सुरुंगात गेला ती दिव्यांग नाही. दिव्यांगांच्या खात्याच्या व्याख्येत ती बसत नाही. क्लस्टर बॉम्बच्या कराराने पीडित या शब्दात कुटुंब आणि बाधित समाजही धरला आहे, पण देशातले कायदे बहुधा तिथवर पोहोचत नाहीत. कोलंबियाने २०११ च्या १४४८ क्रमांकाच्या कायद्याने सशस्त्र संघर्षाच्या पीडितांना भरपाईचा हक्क दिला, त्यात सुरुंगग्रस्तही येतात. मला हे दोन धागे वेगळे ठेवणं पटतं: भरपाई पीडित म्हणून, सेवा गरजेप्रमाणे. नोडल अधिकाऱ्याला दोन्ही धागे हातात धरता आले पाहिजेत.

या अधिकाऱ्याच्या हुद्द्यावर बरंच अवलंबून असतं. उपसचिवाच्या खालचा माणूस अर्थखात्याला फोन करू शकत नाही, त्याने पाठवलेली फाइल पडून राहते. समितीत आरोग्य आणि समाजकल्याण असतंच. पण वाहतूक, शिक्षण, कामगार, सांख्यिकी आणि अर्थ ही खाती नसतील तर ती समिती एकमेकांना अहवाल वाचून दाखवते आणि चहा पिऊन उठते. जनगणनेत वॉशिंग्टन ग्रुपचे, म्हणजे दिव्यांगत्वाची आकडेवारी कशी गोळा करायची हे ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटाचे, सहा प्रश्न घालायला लावले तर पुष्कळ काम हलकं होतं. दिसणं, ऐकू येणं, चालणं, लक्षात राहणं, स्वतःची कामं करणं, संवाद साधणं यांत किती अडचण येते, एवढंच विचारायचं. "तुम्ही अपंग आहात का?" असं दारात उभं राहून विचारलं की लोक लाजेने नाही म्हणतात.

सुरुंगनिवारण यंत्रणेकडून काय घ्यायचं, तर माहिती आणि पोहोच. आंतरराष्ट्रीय सुरुंगनिवारण मानकांत २०२१ पासून पीडित-साहाय्यावर वेगळं मानक आहे. पथकं गावोगाव जातात, घरं ओळखतात. त्यांनी जखमी माणसाची संमती घेऊन त्याचं नाव जिल्ह्याच्या नोंदवहीत पोचवायचं आणि पुढचा पाठपुरावा जिल्ह्याने करायचा. संमतीवर मी अडून बसायचे. सशस्त्र गटांच्या भागात कुणाचा पाय कुठे गेला ही माहिती धोक्याची असू शकते.

समितीत स्वतः सुरुंगग्रस्त असावेत, हे सगळे मान्य करतात. १९९७ चं शांततेचं नोबेल भूसुरुंगबंदीच्या आंतरराष्ट्रीय मोहिमेच्या वतीने तुन चन्नरेत या दोन्ही पाय गमावलेल्या कंबोडियन माणसाने स्वीकारलं होतं. पण आमच्या एका बैठकीत मी पाहिलं ते असं: अंध प्रतिनिधीला त्याच सकाळी स्कॅन केलेली चाळीस पानं ईमेलने आली, पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरला न वाचता येणारी. तो दोन तास गप्प बसला. इतिवृत्तात लिहिलं गेलं, "प्रतिनिधींशी सल्लामसलत करण्यात आली." मी तेव्हा आक्षेप नोंदवला नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. पुढच्या बैठकीपासून कागद आठवडाभर आधी आणि वाचता येईल अशा स्वरूपात गेले, आणि त्याच गृहस्थांनी पहिल्यांदा प्रमाणपत्राचा मुद्दा काढला: माणसाने शहरात येण्यापेक्षा डॉक्टरांनी महिन्यातून एकदा तालुक्याला जावं. आम्हा कुणाला हे सुचलं नव्हतं.

फिरतं प्रमाणपत्र शिबिर सुरू झालं तसं त्या शेतकऱ्याला प्रमाणपत्र मिळालं आणि बसभाडं समाजकल्याणच्या तरतुदीतून निघू लागलं. तो त्यानंतर दोनदा आला, दोन्ही वेळा पाय घालून. भावाची बुडालेली मजुरी मात्र मी तिथून निघेपर्यंत कोणत्याच लेखाशीर्षात बसली नव्हती.