दोघांचा महिन्याचा किराणा: आधी मापं, मग यादी

यादी दुकानात जाऊन करू नका, घरी मापाने करा. एका पोळीला साधारण 30 ग्रॅम कणीक लागते. रोज 8 पोळ्या म्हणजे महिन्याला 7 किलोच्या आसपास. तांदूळ 4 ते 5 किलो, तूरडाळ दीड-दोन किलो, तेल 2 लिटर. तेलाची पिशवी उघडली की तारीख लिहा. 15 दिवसांत लिटर संपलं तर हिशेब बरोबर.

पैसे खरे वाया जातात ते रवा, बेसन आणि शेंगदाण्यात. स्वस्त मिळतं म्हणून पावसाळ्यात जास्त भरलं की रव्याला जाळी लागते, दाणे खवट होतात. अर्धा-अर्धा किलोच आणा. रवा कोरडा भाजून, पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा. कोमट भरला तर वाफ धरून बुरशी येते.

भाजीचे पैसे वेगळ्या पाकिटात, आठवड्याचे आठवड्याला. मेथी-पालक पहिल्या दोन दिवसांत, मग भेंडी-वांगी, शेवटी कोबी, दुधी. तोवर भाजी संपतेच, म्हणून दोन दिवस आधी मटकी भिजवा: 8 तास पाण्यात, नंतर फडक्यात बांधून रात्रभर. थंडीत मोड यायला आणखी एक दिवस धरा.