ग्रीसच्या झाकिंथोस बेटावर सेमी-सबमरीनची सहल घ्यावी का? सोबत आई-बाबा आहेत

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जूनच्या शेवटच्या आठवड्यात आई-बाबांना घेऊन झाकिंथोसला जाताय. आईंना पोहता येत नाही, बाबांचे गुडघे दुखतात. सेमी-सबमरीनमधून कासवं खरंच दिसतात का, आणि अंदमानला पाहिलं तसं काही पाहायला मिळेल का?

सहल घ्या. फक्त अंदमान डोक्यातून काढून टाका. भूमध्य समुद्रात तसे प्रवाळ नाहीत आणि रंगीबेरंगी माशांची गर्दीही नाही. तिथलं पाणी निवळशंख आहे, पण ते तसं आहे कारण त्यात खायला फारसं काही नाही. जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीतून अटलांटिकचं वरच्या थरातलं पाणी आत येतं, त्यात पोषकद्रव्यं कमी. खालच्या थरातलं, पोषकद्रव्यांनी भरलेलं पाणी त्याच वाटेने बाहेर जातं. त्यामुळे प्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) कमी, म्हणून पाणी स्वच्छ, आणि त्याच कारणाने मासेही कमी. भूमध्य समुद्राचा पूर्वेकडचा भाग, ज्यात ग्रीस येतो, या बाबतीत सगळ्यात गरीब. आपल्या कोकणात नेमकं उलट: पाणी गढूळ, पण बाजारात मासळीची रेलचेल.

म्हणजे झाकिंथोसला खिडकीतून प्रामुख्याने तीन गोष्टी दिसतात: समुद्री गवताची कुरणं, खडकांच्या कडेने फिरणारे थोडे मासे आणि नशीब बरं असेल तर लॉगरहेड कासव. तिसऱ्या गोष्टीसाठी जूनचा शेवट चांगला आहे. मीलन एप्रिल-मेमध्ये होतं, अंडी घालणं जून ते ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत चालतं. एकच मादी एका हंगामात दोन-तीन वेळा अंडी घालते आणि मधले दिवस बेटाच्या दक्षिणेकडच्या लागानासच्या आखातातच काढते. नर मात्र जून उजाडेपर्यंत बहुतेक निघून गेलेले असतात. ऑगस्टनंतर मोठी कासवं कमी होत जातात आणि सप्टेंबरात सहल घेणाऱ्यांना बरेचदा नुसतं गवतच दिसतं.

आता बोटीविषयी. सेमी-सबमरीन पाण्याखाली जात नाही. ती बोटच असते, डेक कायम पाण्याच्या वर. फक्त तिच्या पोटात एक लांबट गॅलरी असते, जिच्या दोन्ही बाजूंना पाण्याच्या पातळीखाली मोठ्या खिडक्या लावलेल्या असतात. प्रवासी बाकावर बसून साधारण दीड-दोन मीटर खोलीवरून आडवं बाहेर पाहतात. बुडवण्याचा प्रकारच नसल्यामुळे पाण्याचा दाब, ऑक्सिजन वगैरेंची काळजी नाही. आत पंख्याने किंवा एसीने हवा खेळवलेली असते. आईंना पोहता येत नाही म्हणून अडचण नाही, कपडेही भिजत नाहीत. मात्र लाइफ जॅकेट कुठे ठेवलीत हे चढतानाच विचारून घ्या.

काचेच्या तळाची बोट हा वेगळा प्रकार, आणि लागानासला दोन्हींची तिकिटं विकली जातात. तिच्यात मान खाली घालून एका चौकटीतून थेट तळ पाहायचा असतो. कासव बोटीच्या खालून कमीच जातं, ते बाजूने पोहत जातं, म्हणून कासवासाठी बाजूच्या खिडक्या केव्हाही बऱ्या. उलट सेमी-सबमरीनचं पोट पाण्यात खोल असल्याने ती केरी इथल्या समुद्रकाठच्या गुहांत शिरू शकत नाही आणि उथळ किनाऱ्याजवळही फार जात नाही. जाहिरातीत गुहा आणि पाण्याखालची खिडकी दोन्ही दाखवली असतील तर तिकीट काढण्याआधी विचारा: गुहेच्या आत जाणार की तोंडापासून दाखवणार? दुसरा प्रश्न याहून महत्त्वाचा: एकूण वेळेपैकी खाली गॅलरीत बसून पाहण्यासारखा वेळ किती? काही सहलींत बराच वेळ नुसतं जाण्या-येण्यात आणि माराथोनिसी बेटाजवळ पोहण्याच्या थांब्यात जातो. न पोहणाऱ्याला त्या थांब्यात करायला काही नसतं.

बोटी मुख्यतः लागानास, आगिओस सोस्तिस आणि लिम्नी केरी इथून सुटतात. हे सगळं बेटाच्या दक्षिणेला. गंजलेल्या जहाजाचा प्रसिद्ध नवागिओ किनारा बेटाच्या वायव्येला आहे, त्याचा या सहलीशी संबंध नाही. शिवाय 2022 मध्ये तिथे दरड कोसळल्यानंतर किनाऱ्यावर उतरणं बंद केलं गेलं. दोन्ही एकाच सहलीत करून देतो म्हणणाऱ्याला बोटीचा मार्ग नकाशावर दाखवायला सांगा.

लागानासचं आखात 1999 मध्ये राष्ट्रीय सागरी उद्यान झालं. मे ते ऑक्टोबर त्याचे तीन पट्टे पाळले जातात. पूर्वेकडच्या, म्हणजे सेकानिया-डाफ्नी-गेराकासच्या बाजूच्या मुख्य पट्ट्यात बोटींना प्रवेशच नाही. मधल्या पट्ट्यात नांगर टाकता येत नाही आणि वेग ताशी 6 सागरी मैलांच्या आत ठेवावा लागतो. तिसऱ्यात वेग तोच, पण नांगर चालतो. म्हणून बोट इतकी संथ का चाललीय आणि समोरच्या सुंदर किनाऱ्याकडे का जात नाही, याचा वैताग करून घेऊ नका. नियम मोडून वेगाने जाणारी बोट कासवांना धडकते. बोटीच्या पंख्याचे (प्रोपेलरचे) वार कवचावर बसलेली कासवं ग्रीसमध्ये दरवर्षी सापडतात.

‘कासव दिसलं नाही तर पैसे परत’ अशा पाट्या तुम्हाला दिसतील. माझ्या मते अशा बोटीपासून थोडं लांबच राहावं. पैसे परत द्यायचे नसतील तर एक कासव सापडलं की तांडेल त्याला सोडत नाही, मग दुसरी बोट येते, तिसरी येते, आणि श्वास घ्यायला वर आलेलं कासव मधोमध अडकतं. थोडा वेळ बघून बाजूला होणारी बोट निवडा. सकाळच्या पहिल्या खेपेला ही गर्दी कमी असते.

वेळेबद्दल बोलायचं तर दोन गोष्टींची ओढाताण आहे. सकाळी वारा पडलेला असतो, पाणी स्थिर असतं. पण ऊन तिरपं असल्याने बराचसा उजेड पृष्ठभागावरूनच परत फिरतो आणि खाली अंधूक दिसतं. दुपारी उजेड थेट खाली उतरतो, पण तोवर वायव्येचा वारा सुटतो. साडेनऊ-दहा ते बाराच्या दरम्यानची सगळ्यात लवकरची खेप हा मधला मार्ग. भरती-ओहोटीचं कोष्टक बघायची गरज नाही, तिथे पाणी फार तर वीतभर चढतं-उतरतं. बघायचा तो वारा, आणि वेगाइतकीच त्याची दिशा. आखाताचं तोंड दक्षिणेकडे आहे. उत्तरेचा किंवा वायव्येचा वारा असेल तर बेटाचीच आड मिळते. दक्षिणेचा वारा मात्र सरळ आत घुसतो, तळाची वाळू उचलतो, आणि वारा थांबल्यावरही दुसऱ्या दिवशी पाणी धुरकट राहू शकतं. वाऱ्याचा जोर सांगणाऱ्या बोफोर्ट मापाने 3 पर्यंत निर्धास्त जा, 4 असेल तर आई-बाबांना त्रास होईल, 5 असेल तर बेत पुढे ढकला. म्हणूनच भारतातून आगाऊ तिकीट काढू नका. बेटावर पोहोचल्यावर आदल्या संध्याकाळी अंदाज पाहून धक्क्यावरच काढा, आणि बेत मुक्कामाच्या पहिल्या किंवा दुसऱ्या दिवशी ठेवा, म्हणजे एखादा दिवस हुकला तरी हातात दिवस उरतात.

बसायला जागा कुठे धरायची? पुढच्या अर्ध्या भागात. मागे इंजिनाची थरथर असते आणि बोट मागे घेताना पंख्याचे बुडबुडे खिडकीसमोरून वाहत जातात. ऊन पाठीशी असेल ती बाजू बरी: उन्हाकडे तोंड असलं की पाण्यातले कण चमकतात आणि सगळं दुधाळ दिसतं. अर्थात बोट वळत राहते, त्यामुळे हा फायदा अर्धाच वेळ मिळतो. काचेवर बाहेरून हिरवट साय चढलेली असते का, हे सगळ्यात आधी बघा. या काचा पाणबुड्याने किंवा लांब ब्रशने वरचेवर घासाव्या लागतात, गरम पाण्यात काही दिवसांतच शेवाळ धरतं. आतून बाष्प धरलं तर रुमालाने पुसता येतं, बाहेरची साय आणि जुने ओरखडे यांना तुमच्याकडे उपाय नाही. धक्क्याला लागलेल्या बोटीच्या खिडक्या वरून दिसत नाहीत, म्हणून आधीची खेप उतरत असेल तर त्यातल्या कुणाला तरी विचारा, ‘काच स्वच्छ आहे का?’

खाली गेल्यावर जे दिसतं ते पाण्याच्या आणि हवेच्या वक्रीभवनामुळे खऱ्यापेक्षा जवळ दिसतं: चार मीटरवरची वस्तू तीन मीटरवर असल्यासारखी, म्हणजे सुमारे एक तृतीयांश मोठी. मोठ्या लॉगरहेडचं कवच साधारण 80 सेंटीमीटर लांब असतं, म्हणजे वेळासच्या किनाऱ्यावर येणाऱ्या ऑलिव्ह रिडलेपेक्षा मोठंच, आणि खिडकीतून ते आणखी मोठं वाटतं. लाल रंग पहिल्या काही मीटरांतच गायब होत असल्याने त्याचं तांबूस कवचही हिरवट-तपकिरी दिसतं.

गवताकडे लक्ष द्या, कारण बहुतेक वेळ तेच समोर असेल. ते शेवाळ नाही. पोसिडोनिया ओशियानिका नावाची, फुलं येणारी वनस्पती आहे आणि ती फक्त भूमध्य समुद्रातच सापडते. लांब फितीसारखी पानं, एकाच लयीत वाकणारी. पाणी स्वच्छ असेल तिथे ती सुमारे 40 मीटर खोलीपर्यंत जाते. त्यावर चरणारे, अंगावर सोनेरी आडव्या रेघा असलेले मासे कळपाने दिसतील, ते सालेमा. खडकाशी लहान काळपट मासे घोळक्याने तरंगत असतात, त्यांची पिल्लं मात्र झगझगीत निळी असतात. जुलैपासून ती दिसू लागतात. खलाशाने पाव टाकला की शेपटीजवळ काळा ठिपका असलेले चंदेरी मासे खिडकीशी झुंबड करतात. लहान मुलांना त्याची मजा वाटते. कासवांना मात्र कुणी काही टाकत असेल तर स्पष्ट नाही म्हणा.

कासव शोधण्याचं काम खालून होत नाही. वरून होतं. कासव श्वास घ्यायला डोकं वर काढतं तेव्हा तांडेलाला ते डेकवरून दिसतं, मग तो बोट हळूच वळवून बाजू सांगतो. म्हणून शोध सुरू असेपर्यंत वरच बसा आणि हाक आली की खाली जा. पोलराइज्ड गॉगल घाला, पाण्यावरची चकाकी कमी होते आणि पृष्ठभागाखालचा तपकिरी ठिपका लवकर सापडतो. खाली जाताना तोच गॉगल काढून ठेवा, नाहीतर अ‍ॅक्रिलिकच्या खिडकीवर इंद्रधनुषी पट्टे दिसू शकतात.

फोटोसाठी फ्लॅश बंद, लेन्स काचेला जवळजवळ टेकवलेली, आणि गडद रंगाचा शर्ट. पांढरा शर्ट घातला की प्रत्येक फोटोत काचेवर तुम्हीच दिसता. फोटोपेक्षा व्हिडिओ घ्या आणि त्यातून चौकट काढा, कारण कासव खिडकीसमोर मोजके सेकंद राहतं.

बोट लागण्याची शक्यता मोजून ठेवा. गॅलरीत क्षितिज दिसत नाही, बोट संथ डोलते आणि धक्क्याजवळ डिझेलचा वास आत येतो. ज्यांना एरवी कधी बोट लागत नाही त्यांनाही खाली पंधरा-वीस मिनिटांत मळमळू लागतं. सकाळी पोट रिकामं नको आणि तट्ट भरलेलंही नको. आलेपाक खिशात असू द्या. अ‍ॅव्होमिनसारखी गोळी घ्यायची तर निघण्याच्या तास-दोन तास आधी, मळमळू लागल्यावर तिचा उपयोग नाही. मात्र तिने गुंगी येते, आणि काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. गुंगीत उभा जिना उतरायला लावणं धोक्याचं आहे, हेही धरा.

जिना हाच बाबांचा खरा प्रश्न. तो अरुंद आणि जवळजवळ शिडीसारखा उभा असतो, वर छत बुटकं. उतरताना जिन्याकडे तोंड करून, दोन्ही हात कठड्याला, दुखरा पाय आधी खाली. चढताना बरा पाय आधी. हातात पिशवी किंवा फोन नको. बोट थांबलेली असतानाच उतरू द्या, आणि बाक जिन्याच्या लगतचा धरा, म्हणजे अरुंद वाटेत लोकांच्या गुडघ्यांतून जावं लागणार नाही. एकदाच उतरवा, एकदाच चढवा: कासव सापडल्याची हाक येईपर्यंत त्यांना वर सावलीत बसवा. धक्क्यावरून बोटीत पाऊल टाकताना खलाशाचा हात मागायला संकोच करू नका, ते त्यांच्या रोजच्या कामाचाच भाग आहे.

खाली उतरणं जमणारच नाही असं बाबांना वाटलं तर हट्ट करू नका. जूनमध्ये शांत सकाळी कासवाचं डोकं आणि पाठ वरूनही स्पष्ट दिसते, फक्त त्यांना डेकवर पुढच्या टोकाला जागा मिळवून द्या, टोपी द्या आणि पाण्याची बाटली जवळ ठेवा.