आठ दिवसांचे नऊ महिने झाले तर?

(ओळख पटू नये म्हणून घरचे तपशील बदलले आहेत.)

आई-बाबांपैकी कुणी वर्षभरासाठी, तेही जोखमीच्या कामावर निघालं की समुपदेशकाकडे पहिला प्रश्न हाच येतो : मुलाला कधी सांगायचं आणि किती सांगायचं? नाशिकमध्ये देवळालीच्या लष्करी घरांना हा प्रश्न नवा नाही. गंगापूर रोडवरच्या या घरात मात्र तो अंटार्क्टिकाच्या निमित्ताने आला. आई डॉक्टर. भारताच्या 'मैत्री' तळावर हिवाळी तुकडीबरोबर तिची निवड झालेली. म्हणजे वर्षभराहून जास्त काळ घराबाहेर, आणि त्यातला हिवाळाभर मनात आलं तरी परतता येत नाही. मुलगी तिसरीत.

"तिला अजून काही कळू दिलेलं नाही, उगाच घाबरेल," बाबा म्हणाले. पण मुलीला कळलं होतं. 'मेडिकल पास झालं' हे फोनवरचं वाक्य तिने तीन महिन्यांपूर्वीच ऐकलं होतं. तेव्हापासून रविवारी रात्री पोट दुखायचं. बालरोगतज्ज्ञांना काही सापडत नव्हतं. शाळेतून आली की दप्तर खांद्यावरून न काढता ती आधी चपलांच्या रॅकपाशी वाकायची आणि आईचे जोड मोजायची. चार असले की आत.

घरातली कुजबुज मुलांना आधी ऐकू येते आणि अर्थ नंतर लागतो. मधली पोकळी ती स्वतःच्या कल्पनेने भरतात, आणि ती कल्पना खऱ्या गोष्टीपेक्षा नेहमीच भयंकर असते. म्हणून सात-आठ वर्षांच्या मुलाला जाणं पक्कं होताच सांगावं. चार वर्षांच्या आतल्याला दोन-तीन आठवडे आधी पुरतात, त्याला त्याहून लांबचा काळ उमगत नाही.

पहिल्या भेटीला फक्त आई-बाबा होते. सांगायची वेळ ठरवली रविवार सकाळ, म्हणजे प्रश्न विचारायला अख्खा दिवस हाताशी राहतो. रात्री झोपताना सांगणं टाळलं. वाक्यंही मोजकी : "मी अंटार्क्टिकाला जाणार आहे. तिथल्या लोकांची डॉक्टर म्हणून. परत येईन तेव्हा तू चौथीत असशील. बाबा आणि आजी इथेच आहेत." यापुढचं सगळं मुलगी विचारेल तसं. 'लवकर येते' हा शब्द घरात बंद केला.

मुलगी अर्धा तास गप्प राहिली आणि मग जे विचारलं त्याने आई हबकली. "सुनीता विल्यम्स आठ दिवसांसाठी गेली आणि नऊ महिने अडकली. तुझं तसं झालं तर?"

प्रश्न अगदी नेमका होता. सुनीता विल्यम्स 5 जून 2024 ला निघाल्या आणि 18 मार्च 2025 ला, 286 दिवसांनी उतरल्या. शुभांशु शुक्ला यांचं उड्डाण तर मे 2025 च्या अखेरीपासून पुढे ढकलत 25 जूनला झालं. त्यांनाही एक लहान मुलगा आहे. अंतराळ असो की बर्फ, तारीख सरकतेच. म्हणून अशा घरात कालनिर्णयवर रोज फुली मारत उलटी मोजणी करू नये. तारीख सरकली की मुलाच्या लेखी तो शब्द मोडणं ठरतं. आम्ही चढती मोजणी लावली : काचेची बरणी, दर रविवारी एक राजमा. परतीची तारीख न लिहिता 'डिसेंबर ते फेब्रुवारी' एवढंच लिहिलं.

तिचा पुढचा प्रश्न होता, "तू मरशील का?" इथे बहुतेक पालक 'काही होत नाही गं' म्हणतात आणि विषय संपवतात. मूल मात्र तो विषय आतल्या आत चालू ठेवतं. आईने असं सांगितलं : धोका आहे. म्हणून आम्ही एकटं बाहेर जात नाही, वादळात बाहेर पडत नाही, जाण्याआधी उत्तराखंडातल्या औलीला बर्फातलं प्रशिक्षण घेतो. आणि काही झालंच, तर तुला टीव्हीवरून कळणार नाही, मावशी स्वतः येऊन सांगेल. मावशीचं नाव घेणं महत्त्वाचं होतं. नासाचे अंतराळवीरही उड्डाणाआधी आपल्या घरच्यांसोबत थांबायला सहकारी अंतराळवीर निवडून ठेवतात. माणूस आधी ठरलेला असला की भीतीला एक ओळखीचा चेहरा मिळतो.

याची उलटी बाजू पालक विसरतात. घरी वाईट काही घडलं तर जाणाऱ्याला सांगायचं का? डिसेंबर 2007 मध्ये नासाचे अंतराळवीर डॅनियल टॅनी अंतराळ स्थानकावर असताना त्यांची आई अपघातात गेली; त्यांना खाली येता आलं नाही, बातमी मात्र तिथेच कळवली गेली. या घरात आजी शहात्तर वर्षांच्या. आजींसमोरच बोलणं झालं आणि 'लपवायचं नाही' असं आजींनीच ठरवलं.

औलीचं प्रशिक्षण ही रंगीत तालीम धरली. फोन रोज न ठेवता बुधवारी आणि शनिवारी. रोजचं वचन हवामानाने किंवा कामाने मोडतंच, म्हणून दोनचं द्यावं आणि जमलं तर तीन करावेत. फोन चुकला तर काय, हेही ठरलेलं : आईच्या आवाजातल्या चाळीस गोष्टींपैकी एक लावायची, प्रत्येकी चारेक मिनिटांची. पहिल्या पाच आईला पुन्हा रेकॉर्ड कराव्या लागल्या. प्रत्येकीच्या शेवटी 'शहाण्यासारखी वाग हं' आलं होतं, आणि रोज रात्री उपदेश ऐकायला कुणाला आवडेल?

निघण्याच्या दिवसावरून आजींशी मतभेद झाला. "झोपलेली असताना निघ, म्हणजे रडणार नाही." पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली रीत आहे ही, आणि मायेपोटीच आहे. पण असं गेलं की मूल पुढे झोपेवरच पहारा ठेवायला लागतं. मग मनसोक्त निरोप आदल्या दिवशी सोमेश्वरला घेतला आणि नाशिकरोड स्टेशनवर दोन मिनिटांत आटपलं. मुलगी रडली. रडू दिलं.

परतल्यावरचंही आत्ताच बोलून ठेवलंय. सहा महिने स्थानकावर राहिलेल्या अंतराळवीराला परतल्यावर साधारण 45 दिवस रोज ठरावीक व्यायाम देतात, शरीराला पुन्हा जमिनीची सवय व्हावी म्हणून. घराला तेवढे दिवस द्यायला आईने मान्य केलंय : वेणी, डबा, अभ्यास आल्याआल्या बाबांकडून काढून घ्यायचं नाही.

जून अर्धा संपलाय. 'मैत्री'वर सध्या सूर्य उगवत नाही. बरणीत 31 राजमे आहेत. मागच्या आठवड्यात मुलीने आईला सांगितलं की शनिवारी खो-खोचा सराव असतो, फोन रविवारी करत जा.