जांभ्याचा थर ‘ओव्हरले’ की ‘ओव्हरलाय’?

प्रश्न : कोकणच्या भूरचनेवरील एका इंग्रजी लेखाचा मी अनुवाद करत आहे. जांभा आणि काळा दगड यांच्या वर्णनात एकाच परिच्छेदात ‘ओव्हरलाइज’, ‘ओव्हरलेन’ आणि ‘ओव्हरलेड’ अशी तीन रूपे आली आहेत. ही एकाच क्रियापदाची रूपे आहेत का, आणि तिन्हींसाठी ‘आच्छादणे’ चालेल का?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : क्रियापदे दोन आहेत. पहिली दोन रूपे ‘ओव्हरलाय’ची, तिसरे ‘ओव्हरले’चे. ‘लाय’ म्हणजे पडून असणे आणि ‘ले’ म्हणजे ठेवणे. यातले दुसरे हे मुळात पहिल्याचेच प्रयोजक रूप, आपल्या बसणे-बसवणे या जोडीसारखे. इंग्रजीत अशा जोड्या मोजक्याच उरल्या आहेत, पण ‘फॉल’ म्हणजे पडणे आणि ‘फेल’ म्हणजे झाड पाडणे ही जोडी पाहिली, तर स्वर बदलून प्रयोजक करण्याची रीत आपल्या ओळखीचीच वाटेल. तेव्हा थर कोणी घातला असेल तर ‘ओव्हरले’ आणि तो आपसूक तिथे असेल तर ‘ओव्हरलाय’, एवढे ध्यानात ठेवावे.

जांभा कोणी आणून पसरलेला नाही. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा बेसाल्ट, म्हणजे हाच काळा दगड, उष्ण, पावसाळी हवेत कुजत गेला, त्यातली सिलिका आणि विरघळणारी इतर द्रव्ये पाण्याबरोबर निघून गेली आणि लोह व ॲल्युमिनियम मागे राहिले, त्याचा हा दगड झाला. चिरेखाणीत वरचा तांबडा, भोकाभोकांचा दगड दिसतो. त्याखाली बहुधा मऊ चिकणमाती आणि तिच्याही खाली काळा दगड असतो. म्हणून ‘जांभ्याने बेसाल्टला आच्छादले आहे’ हे वाक्य मला खटकते, कारण त्यात जांभा काही कृती करतो असे वाटते. ‘बेसाल्टवर जांभ्याचा थर आहे’ एवढे पुरे आहे. ‘ओव्हरलेन’ हे कर्मणी रूप असले, तरी तिथेही हेच वाक्य चालते.

‘ओव्हरलेड’बाबत मात्र मूळ लेखकाला फार दोष देऊ नये. ‘ओव्हरलाय’चा भूतकाळ ‘ओव्हरले’ असाच होत असल्याने घोटाळा जुना आहे. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये राजांच्या पहिल्या पुस्तकात शलमोनाच्या मंदिराचा गाभारा सोन्याने ‘ओव्हरलेड’ आहे, आणि त्याच पुस्तकात झोपेत आईच्या अंगाखाली येऊन दगावलेल्या बाळाबाबतही ‘ओव्हरलेड’ हेच रूप आहे. पहिल्या ठिकाणी मराठीत ‘मढवला’ हा नेमका शब्द आहे, देव्हारा चांदीने मढवतात तसा; दुसऱ्या ठिकाणी तो लावून पाहा म्हणजे अंतर कळेल.

तुमच्या उताऱ्यात हा शब्द जांभ्यालाच उद्देशून असेल, तर तिथेही ‘थर आहे’ असेच लिहावे. रस्त्याचा उल्लेख असेल, तर जुन्या रस्त्यावर ‘डांबराचा नवा थर दिला’ असे म्हणावे. बांधकामावरचे लोक त्यालाही ‘ओव्हरले’च म्हणतात, आणि तिथे तो शब्द अगदी बरोबर आहे.