मोहोर, तुडतुडा आणि काकांच्या मधमाश्या

प्रश्न: देवगडजवळ आमची हापूसची थोडी कलमं आहेत. मोहोरावर तुडतुडा (रस शोषणारी कीड) येतोच म्हणून फवारतो, पण शेजारच्या काकांच्या सातेरी, म्हणजे देशी मधमाश्यांच्या पेट्या आहेत, ते म्हणतात तुझ्या औषधाने माश्या मरतात. सरकारचा काही नियम आहे का?

उत्तर: काका बरोबर बोलतायत हो. आपला कीटकनाशक कायदा १९६८ चा, त्याचा सगळा भर नोंदणी, लेबल आणि विक्रीच्या लायसनवर. डब्यावरचा त्रिकोण बघता ना, लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा, पण तो रंग ठरतो उंदरांसारख्या प्राण्यांवरच्या चाचणीवरून, त्यामुळे हिरवा म्हणजे माशीला चालेल असं अजिबात नाही (इथेच बरेच जण फसतात). तुडतुड्यावर मारतात ते इमिडाक्लोप्रिड औषध तर माशीला फारच वाईट, युरोपियन युनियनने २०१८ मध्ये उघड्या शेतात बंद केलं, आपल्याकडे चालू आहे. पहिली फवारणी मोहोर फुलायच्या आधीच उरका. फुलल्यावर मारायचीच वेळ आली तर तिन्हीसांजेला, माश्या परतल्यावर, आणि काकांना आदल्या दिवशी सांगा म्हणजे ते पेटीचं दार बंद करतील. हां, फवारलेल्या कलमाखाली गाय बांधू नका, खालचं गवतही कापून घालू नका.