आधी तटावर चढ

प्रिय बेटा,

शनिवारी न्यूरेंबर्गहून रोटेनबुर्गला जायचं म्हणतेस, तर खुशाल जा. अभ्यासाचं काय असं घरी विचारलं, तर सरांनी पाठवलं म्हणून सांग. तिकीट काढताना मात्र गावाचं नाव पूर्ण वाच: रोटेनबुर्ग ऑब डेर टाउबर. नेकार नदीकाठी जवळपास त्याच नावाचं दुसरं गाव आहे, तिकडे पोचलीस तर दिवस गेलाच. मैत्रिणी मिळून बायर्न तिकीट, म्हणजे बव्हेरिया राज्यात दिवसभर चालणारं तिकीट काढा, स्वस्त पडतं. शनिवारी सकाळी नऊनंतरच निघायची अट नसते, पण आयसीई या वेगवान गाडीत ते चालत नाही. रोटेनबुर्गची शेवटच्या टप्प्याची गाडी स्टाइनाखला पकडायची.

सगळे चौकाकडे फोटो काढायला पळतील. तू रोडर दरवाज्याजवळचा जिना चढ आणि आधी गावाभोवतीच्या तटावर, म्हणजे भिंतीवर जा, पैसे लागत नाहीत. वर छपराखालून अरुंद वाट आहे, समोरून कोणी आलं की अंग चोरून उभं राहावं लागतं. तिथे भिंतीत बसवलेल्या पाट्या वाच. कुठकुठल्या देशांतली नावं आहेत त्यांवर, जपानीसुद्धा! ३१ मार्च १९४५ च्या बॉम्बफेकीत गावाचा पूर्वेचा भाग आणि तटाचा बराच तुकडा गेला. पुढे देणग्या घेऊन तो उभा केला, ही त्या देणगीदारांची नावं.

आणि एवढं जुनं गाव टिकलं कसं? श्रीमंतीमुळे नाही. तीस वर्षांच्या युद्धात, १६३१ मध्ये, सेनापती टिलीच्या फौजेने ते घेतलं, १६३४ मध्ये प्लेग आला, व्यापार बसला. नवं बांधायला पैसाच उरला नाही, म्हणून जुनं पाडलं गेलं नाही. गाईड हे घाईत सांगतात, कारण गरिबी फोटोत चांगली दिसत नाही.

पश्चिमेच्या बुर्ग दरवाज्याच्या मोठ्या दारात एक छोटं दार आहे, एकावेळी एकच माणूस आत जाईल एवढं. ते बघताना चंद्रपूरच्या तटातली बगड खिडकी आठव. आपल्या गोंडकालीन तटालाही चार दरवाजे आणि पाच खिडक्या, म्हणजे छोटे दरवाजे आहेत, पण जटपुरा गेटला आपण फक्त ट्रॅफिकसाठी ओळखतो. २०१७ पासून इको-प्रो या चंद्रपूरच्या पर्यावरण संस्थेच्या पोरापोरींनी तटावरची झुडपं तोडली, तेव्हा कुठे भिंत लोकांच्या नजरेत आली.

श्नेबालन नावाचा गोळा सगळीकडे विकायला असतो. शंकरपाळ्याच्या पट्ट्या गुंडाळून तळल्यासारखा लागतो, कोरडा. चौघींत एक पुरे.

जमलं तर एखाद्या दुकानदाराला विचार, आता डागडुजीचा पैसा कुठून येतो, कोण बघतं. जे कळेल ते सविस्तर लिहून पाठव. इथे मूल गावात शाळेतली पोरं तटावर प्रकल्प करताहेत, त्यांना दाखवीन.

तुझे,
सर